देवाला माफी, गाळ्याला पट्टी

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकवून लंगरला बसा, माहूरगडावर रेणुकेची ओटी भरा किंवा लातूरला महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेत पोराबाळांसह फिरा. एकेका ठिकाणी कर लागतो, चुकतो, माफ होतो आणि मागच्या दारानं परत येतो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. 'देवस्थानांना कर नसतो' हे पारावरचं ठाम वाक्य. 'मग आम्हालाच का?' हा त्यावरचा तितकाच ठाम सवाल. दोन्ही बाजूंना थोडं चकित करतील अशा काही गोष्टी इथे मांडल्या आहेत.

१. करमाफीवर लातूरचा जुना हक्क

आठव्या ते दहाव्या शतकात दख्खनवर राज्य करणारे राष्ट्रकूट स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. हे लत्तलूर म्हणजे आजचं लातूर, असं बहुतेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातलं कंधारही त्यांच्याच वैभवातलं गाव. या राजांचे ताम्रपट वाचले की आजचे कर सल्लागार हळवे होतील. देवळाला किंवा विद्वान ब्राह्मणाला गाव दान दिलं की ते 'अचाटभटप्रवेश्य' ठरायचं. राजाचे शिपाई-प्यादे त्या गावात शिरणार नाहीत, अशी ती हमी. पुढे आणखी एक कलम असायचं, 'अहस्तप्रक्षेपणीय'. कोणत्याही सरकारी अधिकाऱ्यानं इथे हात घालायचा नाही! आज माफीचा दाखला पोर्टलवरून डाउनलोड होतो आणि मुदत संपली की नूतनीकरण मागतो. तेव्हा तो तांब्यावर कोरलेला असे आणि मुदत असे चंद्र-सूर्य असेपर्यंतची.

२. ब्रिटिश म्युझियममधली करसवलतीची शिळा

इजिप्तची चित्रलिपी ज्या शिळेमुळे उलगडली, त्या रोझेटा शिळेवर काय लिहिलंय? प्रेमकाव्य नाही, युद्धकथा तर नाहीच. इसवी सनापूर्वी १९६ सालचा तो पुरोहितांचा ठराव आहे. पाचव्या टॉलेमी राजानं देवळांची थकबाकी सोडली, देवळांच्या जमिनीवरचा कर माफ केला, म्हणून त्याचे आभार मानून त्याचे पुतळे बसवायचं ठरलं. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरला. माफी मिळाली की ती सगळ्यांना कळेल अशी लिहून ठेवायची, ही हुशारी बावीसशे वर्षं जुनी.

३. कौटिल्याची उलटी युक्ती

अर्थशास्त्रात विद्वान ब्राह्मणांना दिलेली जमीन 'अदंडकर' आहे, दंडही नाही आणि करही नाही. पण राजाचा खजिना रिता झाला तर? तिथे कौटिल्याचं डोकं भलतीकडेच चालतं. देवतांच्या कारभारावर नेमलेल्या अधिकाऱ्यानं देवळांचं धन गोळा करून खजिन्यात आणावं. एखाद्या रात्री गुपचूप देवस्थान उभं करावं, ते आपोआप प्रकटलं असं पसरवावं आणि तिथे जत्रा भरवून उत्पन्न कमवावं! कर लावायचा नाही, पण गल्ला मात्र राजाचा. रस्त्याकडेला रातोरात उगवणाऱ्या ओट्यांचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून बराच जुना आहे.

४. निजाम गेला, इनाम राहिलं

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते. त्या काळातले शब्द आजही मराठवाड्याच्या तलाठ्याच्या तोंडी आहेत. मदतमाश म्हणजे उपजीविकेसाठी दिलेलं इनाम. खिदमतमाश म्हणजे देवळाच्या, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन. संस्थान भारतात आल्यावर १९५४ च्या हैदराबाद कायद्यानं इनामं आणि रोख नेमणुका रद्द झाल्या. भल्याभल्या इनामदारांची वतनं गेली. पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली होती. माणसाचं इनाम गेलं, देवाचं टिकलं.

शेपूट अजून वळवळतं आहे. २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात याच कायद्यात दुरुस्ती झाली. मदतमाश जमिनींवरचे व्यवहार नियमित करून घ्यायला पूर्वी बाजारभावाच्या ५० टक्के नजराणा होता, तो ५ टक्क्यांवर आला. सत्तर वर्षांत सरकारं बदलली, जिल्हे बदलले (लातूर उस्मानाबादमधून १९८२ साली वेगळा झाला), सातबाऱ्यावरचं 'वर्ग २' (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) मात्र ठाण मांडून बसलं.

५. देव करदाता असू शकतो!

कायद्याच्या नजरेत मूर्ती ही संपत्ती बाळगू शकणारी 'व्यक्ती' आहे. मग तिच्या उत्पन्नावर कर लावता येईल का? कोलकात्यातल्या एका कालीमातेच्या मालमत्तेवरून हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली योगेंद्रनाथ नसकर खटल्यात न्यायालयानं सांगितलं की हो, प्राप्तिकराच्या दृष्टीनं देवता 'व्यक्ती' म्हणून करपात्र ठरू शकते. म्हणजे माफी ही देवाला जन्मजात मिळत नाही. संस्थेनं नोंदणी केली, अटी पाळल्या, हिशेब दाखवला, तर ती मिळते. सार्वजनिक न्यासाच्या पॅन कार्डावर चौथं अक्षर 'टी' असतं. पुढच्या वेळी देणगी पावतीवर नजर टाका.

नांदेडशी याचं नातं आणखी जवळचं आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथेच गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवलं. त्यानंतर २९२ वर्षांनी, मार्च २००० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं गुरू ग्रंथसाहिब ही कायद्यानं मान्य व्यक्ती असल्याचा निर्णय दिला. गोदाकाठी जे श्रद्धेनं ठरलं, ते कायद्यात यायला तीन शतकं लागली.

६. घरपट्टीची रेघ गाभाऱ्याबाहेर

नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ सालची, लातूरची २०११ ची. दोन्ही चालतात १९४९ च्या महापालिका कायद्यावर. त्याचं कलम १३२ सांगतं की केवळ सार्वजनिक उपासनेसाठी वापरात असलेल्या इमारती आणि जमिनींना सर्वसाधारण कर नाही. स्मशानभूमी आणि दफनभूमीलाही नाही.

यातला 'केवळ' फार महागात पडतो. ज्या भागात धंदा चालतो किंवा ज्याचं भाडं येतं, तो भाग केवळ उपासनेचा धरला जात नाही. एकाच आवारात गाभाऱ्याला माफी आणि रस्त्याकडच्या गाळ्याला पट्टी, असा मामला. माफीचा भाग आणि कराचा भाग या हिशेबापुरत्या दोन वेगळ्या मालमत्ता ठरतात. धर्मस्थळ कोणत्या धर्माचं, हे कायदा विचारत नाही. खोलीत काय चालतं, एवढंच विचारतो.

आणखी एक बारकावा. माफी आहे ती सर्वसाधारण कराला. पाणी आणि सफाईच्या पट्ट्या त्यात आपोआप येत नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात तरी पाणी फुकट असावं असं कोणी म्हणणार नाही.

७. ९९९ ची खोली, ९,९९९ चं सभागृह

तीर्थाच्या गावी गेल्यावर भक्त निवासाचे दर असे तुटक का असतात, असं कधी वाटलंय? उत्तर जीएसटीत आहे. नोंदणीकृत धार्मिक न्यासानं आपल्या सार्वजनिक धर्मस्थळाच्या आवारातली खोली दिली आणि दिवसाचं भाडं १,००० रुपयांच्या आत असलं, तर कर नाही. हजार झाले की माफी संपली. सभागृह किंवा मंगल कार्यालयाला हीच रेघ दिवसाला १०,००० रुपयांवर आहे. दुकानाच्या गाळ्याला महिन्याला १०,००० वर.

जुलै २०२२ मध्ये हॉटेलांच्या हजाराच्या आतल्या खोल्यांवर कर आला, तेव्हा अमृतसरच्या सराईंनाही तो लागणार अशी हाकाटी उठली. सुवर्णमंदिराच्या परिसरात संताप, संसदेत प्रश्न. ऑगस्टमध्ये केंद्रानं खुलासा केला की धर्मस्थळाच्या आवारातल्या खोल्यांची माफी वेगळ्या नोंदीखाली आहे, ती गेलेली नाही. यात्री निवास चालवणाऱ्या नांदेडकरांनीही सुटकेचा निःश्वास सोडला असणार.

आणि हो, घरी सत्यनारायण घातला तर गुरुजींच्या दक्षिणेवर जीएसटी नाही. धार्मिक विधी करण्याची सेवा करमुक्त आहे. नोंदणीकृत मांडववाल्याच्या बिलावर मात्र १८ टक्के. देव स्वस्त, डेकोरेशन महाग!

८. लंगरच्या पोत्याचं वजन

लंगरात बसणाऱ्याला बिल येत नाही, म्हणून जेवणावर करही नाही. पण तूप, तेल, साखर तर बाजारातूनच येतं, आणि त्यावर कर भरलेला असतो. देवस्थान जेवण विकत नसल्यामुळे व्यापाऱ्यासारखी त्याची वजावट घेता येत नाही. म्हणजे फुकट जेवू घालणारा कर भरतो, हॉटेलवाला तो गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. ही अडचण ओळखून केंद्रानं २०१८ मध्ये 'सेवा भोज योजना' आणली. दोन वर्षांसाठी ३२५ कोटींची तरतूद होती. महिन्याला किमान ५,००० लोकांना आणि किमान तीन वर्षं मोफत जेवू घालणाऱ्या संस्थेनं तूप, खाद्यतेल, साखर-गूळ, तांदूळ, पीठ-रवा आणि डाळी यांवर भरलेला केंद्राच्या वाट्याचा जीएसटी परत मिळायचा. राज्याचा वाटा त्यात नव्हता.

मोठ्या स्वयंपाकघरांना एक नैसर्गिक सवलतही आहे. जुलै २०२२ पासून छापील लेबलच्या पाकीटबंद तांदूळ, आटा, डाळीवर ५ टक्के कर आला, पण २५ किलोपर्यंतच. त्याहून मोठं पोतं घेतलं की कर शून्य. लंगराचा सेवादार किंवा सप्ताहाचा आचारी पाच किलोची पाकिटं फोडत बसत नाही, त्यामुळे ही रेघ त्याला फारशी आडवी येत नाही. लातूरची तूरडाळ सुटी किंवा मोठ्या पोत्यात गेली तर करमुक्त. फोडणीच्या तेलाला मात्र ५ टक्के चुकत नाहीत. तुपावर १२ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाले. गुरुद्वाऱ्यातल्या कडाह प्रसादाला तेवढाच दिलासा.

९. रेणुकेची ओटी: कशाला किती?

साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या माहूरला ओटी भरताना ताटातल्या वस्तूंवर कर किती, ते बघा.

* कुंकू: शून्य
* काचेच्या बांगड्या: शून्य
* नारळ: शून्य
* विड्याची पानं आणि ताजी फुलं: शून्य
* हळद पावडर: ५ टक्के
* खणाचं कापड: ५ टक्के
* अगरबत्ती आणि धूप: ५ टक्के
* समईची वात, रक्षासूत्र, जानवं: शून्य
* मातीची किंवा दगडाची देवमूर्ती: शून्य

माहूरची खरी ओळख म्हणजे देवीचा तांबूल. धर्मस्थळानं दिलेला प्रसाद, मग तो मोफत असो की विकत, जीएसटीतून मुक्त आहे. म्हणून संस्थानच्या खिडकीवरचा प्रसाद करमुक्त, आणि समोरच्या नोंदणीकृत हलवायाचा पेढा, तुम्ही तो देवापुढे ठेवणार असलात तरी, ५ टक्क्यांचा. तसंच तांबूल शून्यावर, पण पान मसाला सर्वांत वरच्या दरात. पान तेच, पुण्य वेगळं.

१०. माळेगावात गाढव भाग्यवान

लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते आणि जनावरांच्या बाजारासाठी गाजते. घोडे येतात, गाढवं येतात, उंटही दिसतात. आता जीएसटीची दरसूची उघडा. जिवंत घोड्याला आधी १२ टक्के दर होता, सप्टेंबर २०२५ पासून ५. गाढव आणि खेचर? शून्य. खंडोबाचं वाहन करपात्र, गाढव करमुक्त! यात्रेत जनावर विकणारा साधा माणूस जीएसटीत नोंदणीकृत नसतो, त्यामुळे तिथे पावती फाटत नाही. पण कायद्याच्या यादीत मान गाढवाचाच मोठा आहे.

ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या कायद्यातही एक गंमत आहे. कलम १२४ मध्ये पंचायत कोणते कर लावू शकते त्याची यादी आहे. त्यात यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा आणि उत्सवांवरचाही आहे. केंद्रानं तर १९५६ साली तीर्थक्षेत्राला जाणाऱ्या रेल्वे प्रवाशांवर सीमाकर लावण्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. देवळाला माफी देणारी व्यवस्था देवळात जाणाऱ्याला गाठायला विसरत नाही.

११. दानपेटीत नाव नसतं, त्याची गोष्ट

बँकेतून दिलेल्या दानाला नाव असतं. पेटीत टाकलेल्या नोटेला नसतं. निनावी दानावर ३० टक्के कर, असा नियम प्राप्तिकरात २००६ पासून आहे. काळा पैसा शाळा-रुग्णालयांच्या न्यासांमधून पांढरा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्यातून पूर्णपणे धार्मिक संस्था वगळल्या, कारण दानपेटीत नोट टाकणाऱ्याकडून आधार कार्ड मागणार कसं? धार्मिक आणि धर्मादाय असं दोन्ही काम करणाऱ्या संस्थांनाही सूट आहे, मात्र ते दान खास शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी दिलेलं नसावं.

मग शिर्डीचं साईबाबा संस्थान कोणत्या खान्यात? ते रुग्णालयं चालवतं, शाळा-कॉलेज चालवतं, म्हणून ते धर्मादाय, असं प्राप्तिकर खातं म्हणालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, असा निकाल दिला आणि दानपेटीतल्या निनावी दानाला सूट कायम राहिली. बाबांना 'तुम्ही कोण' असं विचारणारे त्यांच्या हयातीतही होते.

१२. पंच्याऐंशी टक्क्यांचा नियम आणि तुमची वजावट

प्राप्तिकराची माफी हवी तर संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के आपल्या उद्देशावर खर्च करायचे. १५ टक्के शिल्लक टाकता येतात. त्याहून जास्त साठवायचं असेल तर कशासाठी ते लिहून द्यायचं, आणि तेही पाच वर्षांच्या आत वापरायचं. विश्वस्तानं आपल्या भाच्याला स्वस्तात गाळा दिला, तर माफी धोक्यात. संस्थेच्या पैशाचा फायदा विश्वस्ताच्या नातलगांना द्यायला कायद्याची मनाई आहे.

भाविकाचं काय? देवळाला दिलेल्या देणगीवर सरसकट 'ऐंशी-जी'ची वजावट मिळते, हा गोड गैरसमज. निव्वळ धार्मिक संस्थेला ती सवलत नसते. सरकारनं अधिसूचित केलेल्या नामवंत धर्मस्थळांच्या दुरुस्ती-जीर्णोद्धाराला दिलेल्या देणगीवर निम्मी वजावट मिळू शकते. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर काहीच नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर पुण्य तेवढं पदरात, वजावट विसरा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. सीए मंडळींच्या तोंडचं 'बारा-ए, ऐंशी-जी' मात्र इतक्यात जाणार नाही.

१३. वर्गणी, फी आणि तीन दारं

१९५० च्या मुंबई सार्वजनिक न्यास कायद्यात (आता नावात 'महाराष्ट्र' आहे) संस्थांनी धर्मादाय आयुक्तांच्या प्रशासन निधीला वर्गणी द्यायची तरतूद आली. रतिलाल पानाचंद गांधी आणि मंडळी म्हणाली, हा तर धर्मावरचा कर! १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा कर नसून देखरेखीच्या खर्चाची फी आहे. आजही शुल्क आणि करातला फरक शिकवताना वकील या निकालाचं नाव घेतात.

नांदेड-लातुरात हिशेब तपासणारी दारं तीन. बहुतेक देवळं आणि मठ धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. वक्फच्या मालमत्ता छत्रपती संभाजीनगरच्या राज्य वक्फ मंडळाकडे. वक्फनं मंडळाला द्यायच्या वार्षिक वाट्याची कमाल मर्यादा २०२५ च्या दुरुस्तीनं ७ वरून ५ टक्के झाली. आणि सचखंड गुरुद्वाऱ्याचा तर स्वतःचा स्वतंत्र कायदा, १९५६ चा, हैदराबाद राज्य मोडायच्या आधी केलेला. त्यात सरकारनियुक्त सदस्य वाढवण्याचा घाट २०२४ च्या फेब्रुवारीत घातला गेला, तेव्हा शीख समाजात मोठा विरोध झाला आणि सरकारला थांबावं लागलं. कराचा वाद शांतपणे चालतो. कारभारी कोण, या वादात आवाज चढतो.

गल्लीतल्या गणेश मंडळालाही सूट नाही. वर्गणी मागायची तर त्याच कायद्याच्या कलम ४१-क खाली परवानगी लागते. पावती पुस्तक घेऊन आलेल्या पोरांना एकदा विचारून बघा, मजा येते.

१४. कराच्या पैशातून देवाला देता येतं का?

संविधानाचं कलम २७ म्हणतं, एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खास राखून ठेवलेला कर भरायची सक्ती कोणावर करता येणार नाही. पण रस्ता, पूल, घाट यांचं काय? २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं नांदेडचा चेहरामोहरा बदलला, केंद्राच्या शहर विकास योजनेचा पैसा आला. त्या रस्त्यांवरून आज सगळ्या धर्मांच्या रिक्षा धावतात. २०११ साली प्रफुल्ल गोराडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ढोबळ कसोटी दिली की करातला मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला तर हरकत, थोडा वापरला तर नाही.

उलट दिशेनंही पैसा वाहतो. मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासानं २०१५ मध्ये जलसंधारणाच्या 'जलयुक्त शिवार' योजनेसाठी ३४ जिल्ह्यांना प्रत्येकी १ कोटी रुपये द्यायचं ठरवलं. मराठवाड्याच्या नाल्यांवर बाप्पाचा पैसा लागला. कर भरला असता तर तो पैसा कुठे गेला असता, हा प्रश्न ज्यानं त्यानं आपल्या मनाशी सोडवावा.

१५. परदेशी फेरफटका, एका दमात

जर्मनीत चर्चचा सभासद असाल तर प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर द्यावा लागतो आणि तो सरकारच गोळा करतं. नको असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन 'मी चर्च सोडलं' असं लिहून द्यायचं. इटलीत करातला हजारामागे आठ एवढा वाटा चर्चला द्यायचा, दुसऱ्या धर्मसंस्थेला की सरकारला, ते करदाता ठरवतो. अमेरिकेत चर्चला करमाफी आहे, पण १९५४ पासूनची अट अशी की निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. बायबलात तर योसेफनं इजिप्तच्या सगळ्यांकडून पिकाचा पाचवा हिस्सा घेतला आणि पुरोहितांच्या जमिनी सोडल्या.

भक्त मात्र सगळीकडे स्वतःहून कर भरतो. शीख आपल्या कमाईचा दहावा हिस्सा 'दसवंध' म्हणून काढतो. मुसलमान अडीच टक्के जकात देतो. आपल्याकडे त्यासाठी कधी नोटीस निघाल्याचं ऐकिवात नाही.

मग माफी असावी की नसावी?

असावी. पण या पंधरा गोष्टींतून एक धागा निघतो तो लक्षात ठेवावा. कायद्यानं माफी देवाला कधीच दिली नाही, ती वापराला दिली. गाभारा, लंगर, प्रसाद आणि विधी यांना माफी. गाळा, महागडी खोली, लग्नाचा हॉल यांना नाही. ही रेघ बरोबर जागी आहे. ती पाळली जाते की नाही, एवढाच प्रश्न उरतो. शहरातला एक गाळा 'देवाचा' म्हणून पट्टीतून सुटला, की त्याची भर शेजारच्या किराणा दुकानदाराच्या आणि तुमच्या-माझ्या घरपट्टीत पडते. कारण गटार साफ करायला लागणारा माणूस कोणी ना कोणी पोसायचाच असतो.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या संस्थेला माफी हवी, तिनं दरवर्षीचा लेखापरीक्षित हिशेब दर्शनी भिंतीवर लावावा. दान किती आलं, गाळ्यांचं भाडं किती, खर्च कशावर झाला, कोणता कर भरला आणि कोणता माफ झाला, अशा पाच ओळी पुरतील. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांना भिंतीवर जागा सापडते, तर या पाच ओळींनाही सापडेल. इजिप्तच्या पुरोहितांनी आपली माफी दगडात कोरून देवळात लावली होती. आपल्या विश्वस्तांना निदान एक फ्लेक्स तरी जमेलच, आणि तो छापायला १८ टक्के जीएसटी लागला तरी भाविक कुरकुर करणार नाहीत.